उखाणे करून मिळतील

६ नोव्हेंबर २०२३, सोमवार

साड्यांचा धंदा आटोपला. महिनाभर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकत होते. एकूण एक साडी विकली गेली, ती मीच घेतली. मोतिया रंगाची. वाईट नाही.

त्याआधी सर्वेक्षणं भरून पाहिली. शाम्पू कोणता, फ्रिज कोणता, घरात माणसं किती, असं पानामागून पान विचारतात आणि शेवटी सांगतात — आपण या सर्वेक्षणास पात्र नाही. आधी सांगितलं असतं तर चहा तरी गरम प्यायले असते. त्याच्याही आधी कॅप्चा. वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाईप करायची. वर्तमानपत्राच्या डेस्कवर जन्मभर लोकांची वाकडी अक्षरं वाचली, म्हणून वाटलं हे तर आपलंच काम! पण डोळे दुखायला लागतात आणि पैसे काही सुरूच होत नाहीत.

बाहेरचं काम घेता येत नाही. ह्यांना एकटं ठेवता येत नाही. गणपती बसले त्या आठवड्यात ह्यांना झटका आला. चालतात, उजव्या हातात कप धरतात, एवढं परत आलं. बोलणं नाही आलं. समजतं सगळं — मी भाजीवाल्याशी खोटं बोलले तर भुवई चढते. पण बाहेर येतात दोनच शब्द. 'हव' आणि 'डबा'. 'हव' म्हणजे हो. सगळा जन्म छत्तीसगढात गेला, होकारही इथलाच उरला. आणि 'डबा' म्हणजे उरलेलं सगळं जग. रेल्वेतल्या माणसाजवळ दुसरं काय शिल्लक राहणार!

औषधपाणी रेल्वेच्या दवाखान्यातून होतं. बोलायला शिकवणारी घरी येते, तिचे पैसे मात्र आपले आपण भरायचे. म्हणून ही धडपड.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

पायल आली होती — तीच ती बोलायला शिकवणारी. इथल्या समता कॉलनीतल्या क्लिनिकमधून मंगळवारी-शुक्रवारी येते. पोट्टी मूळची गोंदियाची, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. मी मराठीत विचारते, ती हिंदीत सांगते, आणि हे मधे बसून दोघींना 'हव' म्हणतात.

आज तिनं स्पष्टच सांगितलं. पहिल्या सहा महिन्यांत जे परत येतं ते भरभर येतं. नंतर येत नाही असं नाही, पण वाट फार पाहावी लागते. म्हणजे मार्चचा मध्य. डेडलाइन! चला, मला तिची सवय आहे.

मग म्हणाली, घरातल्या माणसांची नावं आधी धरू. माझं नाव विचारलं. शर्मिष्ठा म्हटल्यावर तिनं पेन खाली ठेवलं.

"आंटी, इतना कठिन? कोई सुशीला-वुशीला नहीं रख सकते थे?"

मी म्हटलं, नाव काय आपलं आपण ठेवतो बाई?

तरी ठरलं तेच. ह्यांच्या तोंडून माझं नाव यायला हवं. मार्चच्या आत. पानावर लिहून ठेवते म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

१५ नोव्हेंबर, बुधवार

समोरच्या शेवंताताई सकाळी सकाळी दारात. त्यांच्या यशदीपचं रविवारी लग्न आहे. पोट्टा सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या कारखान्यात आहे. मी म्हटलं, तुळशीचं लग्न व्हायच्या आधीच? तर म्हणाल्या, "आमाले मुहूर्त नाही लागत ताई. हॉल लागते. हॉल रविवारचाच भेटला."

अडचण वेगळीच होती. सून भिलाईची. घरात मराठी ऐकलेली, बोललेली नाही. आणि शेवंताताईंच्या वर्ध्याच्या नणंदा उंबऱ्यावर अडवून बसणार — नाव घेतल्याशिवाय आत नाही. पोरीनं रडून सांगितलं म्हणे, मम्मी, वो नाव लेनेवाला मुझसे नहीं होगा.

"तू पेपरात लिहत होती नं," शेवंताताई म्हणाल्या. "मंग एक उखाणा लिहून दे. सोपा. तिची जीभ नाही अडकली पाहिजे, अन् नणंदांचं तोंड बंद झालं पाहिजे."

कढईत पोहे होते. ते उतरवेपर्यंत झाला :

सिलतऱ्याच्या भट्टीत लोखंड होतं लाल,
यशदीपरावांचं नाव घेते, आता तरी आत घ्याल?

शेवंताताईंनी दोनदा वाचून घेतला. मग पोह्यांची बशी घेऊन ह्यांच्यासमोर बसल्या आणि ह्यांनाच म्हणून दाखवला. हे हसले. आवाज काढून. झटक्यानंतर पहिल्यांदा.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

मतदान. ह्यांना घेऊन गेले. रांगेत कुणीतरी सरकून जागा दिली. बटण दाबायचं, बाहेर यायचं. एक शब्द लागत नाही! परत येताना आपलं शाई लावलेलं बोट सगळ्यांना दाखवत होते.

२० नोव्हेंबर, सोमवार

काल लग्न झालं. उंबऱ्यावर सुनेनं उखाणा घेतला, नणंदा गार. एकीनं म्हटलं, पुन्हा घे. दुसरीनं विचारलं, हा कुठल्या पुस्तकातला? शेवंताताई जिन्याच्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, पुस्तकातला नाही, आमच्या पाऱ्यातला, आमच्या गल्लीतला आहे.

जेवणाच्या पंगतीतच तिघींनी मला धरलं. एकीच्या मुलीचं लग्न सव्वीसला, एकीच्या भाचीचं दुर्गला, एकीला डोहाळजेवणासाठी पाहिजे. मी म्हटलं देते की. शेवंताताईंनी मला कोपऱ्यात ओढलं. "काहून फुकट वाटून राहिली? शिंपी ब्लाउज फुकट शिवते का?" मी म्हटलं उखाण्याचे कोणी पैसे घेतं का. "कोणी विकतच नाही, तं घेईन कोण," म्हणाल्या.

नव्या सुनेनं हळद उतरायच्या आत फोनवर जाहिरात करून टाकली. गुलाबी पाटी, वर मोर. 'उखाणे करून मिळतील. तुमच्या नावाचे, तुमच्या गावाचे.' खाली माझा नंबर.

मोर काढायला सांगितला. म्हणाली, आंटी, मोर के बिना कोई देखता नहीं.

२५ नोव्हेंबर, शनिवार

नऊ मागण्या! काल तुळशीचं लग्न झालं आणि फाटक उघडल्यासारखं झालं.

पद्धत बसवली आहे. नाव, गाव, नवऱ्याचं काम, सासूचा स्वभाव, आणि उखाणा कधी घ्यायचा — उंबऱ्यावर, घास भरवताना की पंगतीत — एवढं विचारते. सासूचा स्वभाव विचारला की पोरी खुलतात. एकीनं त्यावर सात मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला.

सगळ्यांना अर्जंट पाहिजे. "आंटी, अभी हल्दी चल रही है, आधे घंटे में भेज दो." मला मजा येते. रविवारची पुरवणी अशीच सुटायची — चार कॉलम रिकामे आणि छपाईवाला दारात.

आणि संपादक घरातच मिळाला आहे. लिहिलं की ह्यांना वाचून दाखवते. 'हव' म्हणाले की पाठवते. 'डबा' म्हणाले की पुन्हा लिहिते. गंमत म्हणजे निकाल बरोबर असतो! 'डबा' मिळालेला एक उखाणा घाईत तसाच पाठवला, तर मुलीनं कळवलं, जम नहीं रहा आंटी. आमच्या जुन्या साहेबांजवळ शब्द पुष्कळ होते, पण इतकं नेमकं कधी सांगितलं नाही.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

आज पायलनं नवा उपाय काढला. मुद्दाम आठवून बोललेलं अडकतं, पण तोंडात बसलेलं कधीकधी आपोआप निघतं — मोजणी, प्रार्थना, म्हणी. म्हणून अर्धी म्हण आपण म्हणायची आणि थांबायचं. तिला मराठी म्हणी येत नाहीत, म्हणून मी म्हटलं, नाचता येईना, अंगण —

"वाकडं," हे म्हणाले.

पायल ओरडलीच. मी ओरडले नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला, मग परत लावला, मग आठवलं की वर काही ठेवलेलंच नाही.

मग रात्र थोडी सोंगं — "फार." मग अति तिथं — "माती." मग मी हळूच म्हटलं, आणि माझं नाव?

"डबा."

असो. एका दिवसात तीन शब्द मिळाले. तेही 'वाकडं', 'फार' आणि 'माती'. यावर संसार चालवायचा म्हटला तर चालतो.

३ डिसेंबर, रविवार

आजचं लिहिताना हसू थांबत नाही आहे.

नव्या रायपुरात मंत्रालयात नोकरीला असलेला पराग, त्याची नवरी देवश्री. पोरगी हुशार, मोठ्या कंपनीत काम करते, पण मराठी वाचायचं म्हणजे हिंदीच्या भरवशावर. तिला पाठवला तो असा :

नव्या रायपुरात रस्ते मोठे, बस मात्र थोड्या,
(इथे थांबायचं, सासूकडे बघून हसायचं)
परागरावांच्या गाडीवर मागे बसून काढीन त्यांच्या खोड्या.

मधली ओळ माझी सूचना होती. जुनी सवय. डेस्कवर आम्ही मजकुरातच कंसात लिहायचो — फोटो इथे, चौकट इथे — आणि पान जोडणारा ते समजून काढून टाकायचा.

देवश्रीनं काढलं नाही. भर मांडवात, माइक हातात, एका सुरात — बस मात्र थोड्या, इथे थांबायचं, सासूकडे बघून हसायचं, परागरावांच्या गाडीवर… न थांबता, न हसता, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसं!

मांडव हसून कोसळला. आणि सासू? सासूबाईंना वाटलं उखाण्यातच तसं आहे. त्या उठल्या आणि सुनेकडे बघून हसल्या. मग सुनेला हसू आलं. मग दोघी एकमेकींना धरून हसत सुटल्या. व्हिडिओ मला शेवंताताईंनी पाठवला, मुलानं, पियुषनं, पुण्याहून पाठवला, आणि चार अनोळखी लोकांनी "हे तुमचं आहे का" म्हणून पाठवला.

माफी मागायला देवश्रीला फोन केला. ती म्हणाली, "आंटी, मम्मीजी पूरे रिश्तेदारों को बोल रहे हैं, मेरी बहू ने मुझे हँसाया. प्लीज़ किसी को मत बताना कि गलती थी."

नाही सांगत. फक्त इथे.

१० डिसेंबर, रविवार

सोळा मागण्या. चौघींनी खास कळवलं आहे — वो बीच में हँसनेवाली लाइन भी डालिए.

१८ डिसेंबर, सोमवार

खरमास लागला. पुढं संक्रांतीपर्यंत लग्नं नाहीत, मागण्या नाहीत. मोर विश्रांती घेतो आहे.

ह्यांच्याकडे आता 'पाणी' आहे, 'चहा' आहे, 'नको' आहे. 'नको' आल्यापासून घरात जरा कटकट वाढली. दोडक्याची भाजी गेली ती गेलीच.

नाव नाही. कुणाचंच नाही. आरशासमोर बसवून पायल माझ्या तोंडाकडे बोट दाखवते, मी सावकाश शर्-मिष्-ठा म्हणते. हे माझ्या ओठांकडे इतकं लक्ष देऊन बघतात की मलाच लाजायला होतं. मग तोंड उघडतात, काहीतरी वळतं, अडतं, आणि मान फिरवतात. 'डबा' सुद्धा म्हणत नाहीत.

२५ डिसेंबर, सोमवार

पियुष आला आहे, चार दिवसांसाठी. माझ्या धंद्याचं त्याला हसू येतं, पण वडिलांसमोर हसत नाही. आज मला म्हणाला, आई, आता हे सगळं फोनच फुकट करून देतो. आणि खरंच, बोट लावलं की उखाणा तयार! हिमालयात बर्फ होता, समुद्रात शिंपले होते, यमकही चांगलं होतं. डेडलाइनच्या बाबतीत तर मी हरलेच.

शेवंताताई बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून वाचला. म्हणाल्या, "चांगला आहे. पण ह्याच्यात सिलतरा कुठी आहे?"

पियुष हसला. मग जेवताना खरी गोष्ट निघाली. तिकडे पुण्यात बोलायला शिकवणारं मोठं केंद्र आहे, रोज शिकवतात, त्याच्या घराजवळ. "तू इथे एकटी किती दिवस करून राहिशील, आई? पायल आठवड्यातून दोनदा येते, त्यानं काय होते?" चुकीचं बोलत नाही पोट्टा. मी म्हटलं मार्चपर्यंत थांब. तोवर ह्यांच्या तोंडून माझं नाव आलं तर इथेच राहू. नाही आलं तर घर बंद करून येऊ तुझ्याकडे.

ह्यांना विचारलं, चालेल? हे ताटाकडे बघत होते.

"हव."

कोणत्या भागाला हव, ते विचारायचं धैर्य झालं नाही.

१६ जानेवारी २०२४, मंगळवार

संक्रांत झाली, मोर पुन्हा नाचायला लागला. सकाळपासून पाच मागण्या. एक महासमुंदहून, एक थेट नागपूरहून! नागपूरला उखाण्यांची टंचाई असावी हे ऐकून कॉलर ताठ झाली.

२१ जानेवारी, रविवार

दुर्गहून नरहरकाकांचा फोन. वय ऐंशीच्या पुढं, आवाज खणखणीत. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलांनी हॉल घेतला आहे, तिथं त्यांना उखाणा घ्यायचा आहे. आधी घासाघीस केली. म्हणाले, म्हाताऱ्यांना सूट नाही का? मग बायकोचं नाव विचारलं तर अडले.

"कागदावरचं नाव नको टाकू व बाई. त्या नावानं मी तिले कधी बोलावलंच नाही. ती वळूनही नाही पाहाची. मी जे म्हणतो ते टाक."

काय म्हणता?

बराच वेळ खाकरत बसले. शेवटी बोलले : "मैना." आणि लगेच, लिहू नको कुठी. आता मी इथं लिहिलं, ते चालतं.

करून दिला. ह्यांनी 'हव' दिला. पण मग मी मागण्या बाजूला ठेवल्या. ह्यांनी मला कोणत्या नावानं हाक मारली? आठवून पाहिलं. अगं. ऐकलंस का. पियुष झाल्यावर — पियुषची आई. पाहुण्यांसमोर — ही. फोनवर — हां, मी बोलतो आहे.

शर्मिष्ठा म्हणून एकदाही नाही. भांडणातसुद्धा नाही!

आणि मी पायलला बसवून ह्यांच्याकडून काय परत मागते आहे? जे कधी दिलंच नव्हतं ते.

२३ जानेवारी, मंगळवार

पायलला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. मग आम्ही दोघी 'अगं'वर लागलो. अगदी सोपं, दोन अक्षरं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नको."

आता ह्याला काय म्हणायचं? नको म्हणजे शिकायला नको, की ती हाक नको?

४ फेब्रुवारी, रविवार

मी स्वतःसाठी एक उखाणा केला. म्हणजे ह्यांच्यासाठी. म्हण जशी अर्धी सोडतो तसा सोडायचा, शेवटची जागा ह्यांनी भरायची. यमक इतकं घट्ट बसवलं की दुसरा शब्द तिथं मावायलाच नको :

रेल्वेनं दिली पेन्शन, कॉलनीनं दिली प्रतिष्ठा,
घरात मात्र हुकूम चालवते —

हे हसले. उखाणा आवडला, ते दिसलंच. तोंड उघडलं.

"डबा."

दोघंही हसलो. काय करणार.

११ फेब्रुवारी, रविवार

रोज सकाळी चहाबरोबर एकदा. आज 'वाकडं' मिळालं. घरात मात्र हुकूम चालवते वाकडं. यमक सोडलं तर बरोबर आहे.

१४ फेब्रुवारी, बुधवार

वसंत पंचमी. एका दिवसात बावीस उखाणे. मान धरली, अंगठा दुखतो आहे. मधे ह्यांनी स्वतःचा चहा स्वतः केला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. साखर घालायला विसरले. मी सांगितलं नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

पायल आज शिकवून झाल्यावर जायला उठली नाही, बसून राहिली. महिनाभरात नवा शब्द नाही. ह्यांचा दोष नाही, माझा नाही, असं होतं, म्हणाली. पुण्याचं केंद्र चांगलं आहे, तिच्या बाई तिथं शिकल्या आहेत. "आंटी, जाना चाहिए आपको. मैं तो यहाँ हफ्ते में दो दिन ही…" आणि तिचा आवाज गेला. मीच तिला पाणी दिलं. बोलायला शिकवणारी न बोलता बसली आणि हे तिच्या खांद्यावर थोपटत होते.

शेवंताताईंना सांगितलं. त्या लगेच भांडल्या. "मंग उखाणे कोण लिहीन? पुण्यातले लोक पैसे देऊन उखाणा घेतीन का? तिथी सगळ्यांले येते." मग म्हणाल्या, तुळस माझ्याकडे ठेवून जाजो.

३ मार्च, रविवार

पियुषनं तिकिटं काढली. सतराची. मी हो म्हटलं. ठरलं होतं तेच होतं आहे, तक्रार करायला जागा नाही.

जाहिरातीत बदल केला : 'मागण्या दहा मार्चपर्यंतच.' शेवंताताईंच्या सुनेनं मोराच्या डोळ्यात अश्रू काढून दिला. हिला खरंच कामधंदा लावून द्यायला पाहिजे. जाता जाता तिलाच शिकवून जावं का? मराठी नाही, पण सासूचा स्वभाव ओळखायची कला आहे.

८ मार्च, शुक्रवार

बांधाबांध. ह्यांच्या रेल्वेच्या जुन्या कागदांचा गठ्ठा निघाला. मी टाकायला काढला की हे परत आत ठेवतात. 'नको.' बरं, येऊ द्या पुण्याला.

पायलचा आजचा दिवस शेवटचा. ह्यांनी तिला "बेटा" म्हटलं. अगदी स्पष्ट. तिचं नाव नाही, पण ती रडत रडत नाचली. मला आनंद झाला. खरंच झाला. एक बारीकशी कळ आली, तीही लिहून ठेवते.

१० मार्च, रविवार

शेवटची मागणी रवाना. जगदलपूरची मुलगी, मुलगा शिक्षक. ह्यांनी 'हव' दिला. दुकान बंद.

११ मार्च, सोमवार

काही नाही. धूळ.

१२ मार्च, मंगळवार

सकाळ. चहा. सामान बांधून दाराशी. उखाणा म्हणायचा नव्हता, पण सवयीनं तोंडात आला. रेल्वेनं दिली पेन्शन, कॉलनीनं दिली प्रतिष्ठा, घरात मात्र हुकूम चालवते —

"सुनीती."

यमक जुळत नाही.

ह्यांच्या आईंनी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं शर्मिष्ठा लिहिलं, त्या दिवसापर्यंत मी सुनीती होते. बघायला आले तेव्हा ह्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता — नाव काय? आणि मी ते सांगितलं होतं. आई-बाबा गेल्यावर त्या नावानं मला कोणी ओळखतही नाही.

हे माझ्याकडे बघत होते. उत्तराची वाट बघत.

मी ओ दिली.